आभाराचे सोमणकाका

आमच्या नौपाड्यात कुठलाही कार्यक्रम असो, अध्यक्षांचं भाषण संपत आलं की प्रेक्षक खुर्चीखालच्या चपला पायाने चाचपू लागतात. पर्सच्या चेनी ओढल्या जातात, झोपलेली मुलं खांद्यावर घेतली जातात आणि मागच्या रांगेतले दोघे-तिघे, वाकलं की आपण कुणाला दिसत नाही अशा समजुतीने, कमरेत वाकून दाराकडे निघतात. नेमके त्याच वेळी विश्राम सोमण माइकसमोर येऊन म्हणत, "आता मी आभारप्रदर्शनासाठी उभा आहे." सोमणकाकांचं सगळं सार्वजनिक आयुष्य असं लोकांच्या पाठींकडे बघत गेलं.

नोकरीत ते वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात स्टोअर्सला होते. संध्याकाळी कपडे बदलून आमच्या सांस्कृतिक मंडळात यायचे. तरुणपणी कधीतरी आभार मानणारा माणूस आलाच नाही म्हणून यांना ढकलून उभं केलं आणि ते काम त्यांच्याकडेच राहिलं. दिवाळी पहाट असो, पाडव्याची शोभायात्रा असो, सुट्टीतली मुलांची शिबिरं असोत, शेवटी माइकपाशी काकाच. मांडववाले, फुलवाले, पार्किंगची जागा देणारी सोसायटी, पडदा ओढणारा, झेरॉक्स फुकट काढून देणारा, सगळ्यांची नावं ते पूर्ण घेत. हातात कागद कधीच नसे.

"यादी वाचली की हजेरी होते," ते म्हणायचे. "हजेरीत माणूस 'हजर' म्हणतो आणि खाली बसतो. आभार ऐकून त्याला घरी जाऊन सांगावंसं वाटलं पाहिजे."

एका दिवाळीत मांडववाल्यांच्या धाकट्या भावाचं नाव राहून गेलं. दुसऱ्या दिवशी काका चिवड्याचा डबा घेऊन त्याच्या घरी हजर. पुढच्या वर्षी मांडव चांगला ऐसपैस उभा राहिला.

प्रमोदिनीकाकू मात्र या सगळ्याला अजिबात भुललेल्या नव्हत्या. "आमच्या लग्नात भटजी उठायच्या आत यांनी माझ्या वडिलांचे आभार मानले होते," त्या सांगायच्या. "त्यानंतर घरात कुणाचे मानलेले मी पाहिले नाहीत. चहा पुढे केला की 'साखर कमी आहे'."

माझी काकांशी ओळख अद्वयमुळे झाली. माझा मुलगा उशिरा बोलायला लागला. बालवाडीतली मुलं कविता म्हणायची आणि हा बोटाने दाखवायचा. दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरात त्याला घातलं तेव्हा मी रोज बाहेर पायरीवर बसून राहायचे, कारण आत त्याला पाणी हवं असेल आणि मागता आलं नाही तर, अशी माझी धास्ती. तो स्टेजवर काही गेला नाही. सगळ्या मुलांच्या चपला दाराशी ओळीने, जोड्या लावून ठेवत बसला. शेवटच्या दिवशी काकांच्या आभारात आलं, "पादत्राणांची चोख व्यवस्था, चिरंजीव अद्वय." लाउडस्पीकरमधून आपलं नाव ऐकून तो माझ्याकडे बघायला लागला. "आई, मी?" म्हणाला. त्यानंतर मी मंडळाची सभासद झाले. आता तो नववीत आहे आणि एवढं बोलतो की मीच कधी कधी पुरे म्हणते.

यंदा श्रावणात काकांना पक्षाघाताचा झटका आला. सौम्य होता, हातपाय वाचले, गेली ती नावं. माणसं ओळखत होते, वस्तू कळत होत्या, बोलणं समजत होतं, फक्त नाव ओठांशी येऊन अडायचं. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून स्टेशनजवळच्या स्पीच थेरपिस्टकडे त्यांना रिक्षाने न्यायचं काम मी घेतलं. निशा नावाची तरुण मुलगी आहे. तिने पहिल्या दिवशी कंगव्याचं चित्र दाखवलं.

काकांनी चित्र हातात घेऊन जवळून, लांबून पाहिलं. मग म्हणाले, "हे प्रमोदिनीच्या पर्समध्ये असतं. मला हल्ली लागत नाही."

निशा इतकी हसली की तिला पुढचं चित्र काढायला वेळ लागला. "काका, छान! नाव अडलं तर असंच करायचं. थांबायचं नाही, त्याच्याबद्दल बोलायचं."

गंमत म्हणजे 'उपस्थित मान्यवर, रसिक प्रेक्षक' हे त्यांना एका दमात म्हणता यायचं. वर्षानुवर्षं घोटलेली वाक्यं बऱ्याचदा शाबूत राहतात, असं निशाने सांगितलं. पण काकूंखेरीज एकही नाव भरवशाने येईना. मला ते नुसतं 'अगं' म्हणायला लागले. अद्वयला 'तो, उंच झालेला'. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगते.

भाऊबिजेनंतर आमचा मुलांचा कला सप्ताह असतो. किल्ले, गाणी, मातीकाम आणि शेवटच्या दिवशी नाटुकली. त्याच्या आधीच्या बैठकीत अध्यक्ष साईनाथ गुप्ते म्हणाले, "यंदा काकांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. आभार कादंबरी मानेल." साईनाथ माणूस वाईट नाही. त्यांना काकांची फजिती व्हायला नको होती.

काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. "सत्कार कशाला? मी गेलो का?"

सगळे हसले. कादंबरी, कॉलेजात जाणारी आमची हरकामी मुलगी, म्हणाली, "काका, मला नको हां हे. मी स्टेजवर गेले की ब्लँक होते."

"मीही होतो," काका म्हणाले. "पण मला बोलायचंय."

"मग यादी देतो. वाचून दाखवा," साईनाथ म्हणाले.

"हजेरी नको."

साईनाथने माझ्याकडे पाहिलं. "आसावरी, थेरपीला तू नेतेस. तू सांग, जमेल?"

काकाही माझ्याकडे बघत होते. मी 'हो' म्हणाले. शाळेच्या सहलीला मुलाच्या दप्तरात दोन पाण्याच्या बाटल्या आणि तीन पत्ते लिहिलेली चिठ्ठी घालणारी मी, बाकीच्यांना विचार करायलाही वेळ न देता 'हो' म्हणाले.

संध्याकाळी काकूंचा फोन. "तू हो म्हणालीस? अगं, काल त्यांना रिमोट म्हणता आलं नाही. 'ती कांडी दे' म्हणाले. भरल्या हॉलमध्ये माझ्या नवऱ्याचं हसं झालं तर मी काय करू?"

"मी विंगेतच उभी राहीन, काकू," मी म्हणाले.

"मी दुसऱ्या रांगेत बसणार आहे," काकू म्हणाल्या. "फजिती व्हायला लागली की मी चक्कर येऊन पडणार. आधीच सांगून ठेवते. तू पाणी घेऊन धावत ये."

त्या सप्ताहात मला धड झोप लागली नाही. शेवटी मी गुपचूप एका कागदावर सगळी नावं लिहिली आणि तो कागद चौघडी करून मुठीत ठेवला. काका अडले तर पुढे करायचा, एवढंच.

नाटुकली झाली. राक्षसाची शेपूट निघाली, राजकन्या स्वतःच हसली. साईनाथचं भाषण झालं आणि नेहमीप्रमाणे चपलांची शोधाशोध सुरू झाली. काका कडक इस्त्रीचा झब्बा घालून माइकपाशी आले.

"उपस्थित मान्यवर, रसिक प्रेक्षक आणि बालमित्रांनो, आता मी आभारप्रदर्शनासाठी उभा आहे. सर्वप्रथम मी आभार मानतो…"

आणि थांबले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग माइकची घरघर तेवढी ऐकू यायला लागली, तेव्हा दाराशी पोचलेली माणसं मागे वळली. मी विंगेत उभी होते. दुसऱ्या रांगेत काकूंचा हात कपाळाकडे गेलेला मला दिसला.

"नाव येत नाहीये," काका म्हणाले. "माणूस दिसतोय."

त्यांनी माइकचा दांडा नीट धरला. "ही मुलगी. परवा तालमीत राक्षस रडायला लागला. मिशी टोचते म्हणून. हिने स्वतःलाही मिशी लावली. मग दोघं मिशा लावून कोपऱ्यावर वडापाव खाऊन आले."

"कादंबरी!" मुलांमधून आवाज आला.

"हां. तीच. तिचे आभार." काकांनी श्वास घेतला. "आता किल्ले. किल्ल्यांना माती आंबिवलीहून येते. स्कूटरवरून. पायाशी पोतं. रस्त्यात पोलिसाने अडवलं. विचारलं, पोत्यात काय आहे? हे म्हणाले, किल्ला आहे."

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "शिंदे!"

"नाही."

"शौनक!"

"शौनक. बरोबर. शिंदे मागे नुसते बसले होते."

"काका, दुसरं पोतं मी मांडीवर धरलं होतं!" शिंदे जागेवरून उठून म्हणाले.

"मग तुमचेही आभार. बसा."

शिंदे बसले. त्यांच्या आजूबाजूचे उभे असलेलेही बसले. दाराशी गेलेले परत आले आणि मिळेल त्या खुर्चीवर टेकले, कारण आता पुढचा आपणच असू की काय, असं प्रत्येकाला वाटायला लागलं होतं. काकांना नाव न सापडताच एकेक माणूस सापडत होता आणि हॉल त्याचं नाव पुरवत होता. चुकीचं नाव आलं की काका मान हलवायचे, बरोबर आलं की ते स्वतः एकदा म्हणून बघायचे. मध्येच त्यांची नजर दुसऱ्या रांगेकडे गेली. "आणि ही…"

"माझं काही नको. पुढचं घ्या!" काकू एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की माइकची गरज पडली नाही. काकांनी निमूट पुढचं घेतलं.

ते बाजूला वळले. "आणि हे. काळ्या पेट्यांपाशी उभे आहेत. परवा एक छोटी मुलगी गाताना घाबरली. आवाजच फुटेना. यांनी हळूच तिच्या मागच्या तंबोऱ्याचा आवाज वाढवला. तिला वाटलं, कुणीतरी सोबत गातंय. मग गायली."

आम्ही सगळे कुणीतरी नाव घेईल म्हणून एकमेकांकडे बघत राहिलो.

"साऊंडवाले," मागून कुणी म्हणालं.

"साऊंडवाले नाही. नाव आहे त्यांना. मी दर वर्षी घेतो."

साईनाथने माझ्याकडे पाहिलं. मी मुठीतला कागद उघडला. त्यावर मी लिहिलं होतं, 'ध्वनिव्यवस्था'.

काकांचे ओठ नुसते हलत होते. लहानपणी अद्वयचं तोंड असं व्हायचं आणि दर वेळी मी त्याचं वाक्य पूर्ण करून टाकायचे. आत्ताही केलं असतं, पण मला ते नाव माहीतच नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस वायरी गुंडाळताना मी त्याला 'दादा, जरा आवाज' म्हणत आले होते.

मग पेट्यांमागून तोच म्हणाला, "गणू."

आणि जरा थांबून, "गणू भोईर, काका."

"गणू भोईर," काका माइकमध्ये म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. टाळ्या पडल्या. गणूने मान खाली घालून एक बटण फिरवलं. मग तेच पुन्हा उलट फिरवलं.

कार्यक्रम संपल्यावर साईनाथने काकांचा हात हातात घेतला. "काका, जमलं की हो! मलाच उगाच भीती." काकूही मला म्हणाल्या, "चक्कर राहूनच गेली." पण काका खूश नव्हते. रिक्षा बोलावली, काकू आत बसल्या, काकांचा एक पाय रिक्षात आणि ते तसेच थांबले.

"एक राहिलंय."

"कोण?" मी विचारलं.

"ते… पाणी. नाही, पाणी नाही." त्यांनी पाय खाली घेतला आणि ते सरळ हॉलकडे चालायला लागले. त्यांच्यामागे गुडघा धरत काकू, काकूंच्या मागे मी.

आत हौसाबाई खुर्च्यांच्या मधून झाडू मारत होत्या. हॉलची झाडलोट त्यांच्याकडे असते. सप्ताहभर मुलांनी सांडलेली माती, चमकी, वडापावचे कागद त्यांनी गोळा केले होते आणि मुलांच्या विसरलेल्या वस्तू, मुकुट, एक कानातलं, पाण्याच्या बाटल्या, खिडकीत ओळीने मांडून ठेवल्या होत्या. काका पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. हौसाबाई झाडत झाडत जवळ आल्या. एकदम काकांचा चेहरा उजळला.

"कलावतीबाई!" ते म्हणाले. "तुमचे आभार राहिले होते."

हौसाबाईंचा झाडू थांबला. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकूंनी बोलायला तोंड उघडलं होतं.

"व्हय काका," हौसाबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, औंदा मला इसरला जनू."

"विसरेन कसा?" काका आमच्याकडे वळले. "बघितलंत? आपोआप आलं. जरासुद्धा अडलं नाही."

मी काकूंकडे बघायचं टाळलं. काकांच्या कुठल्याही म्हणण्याला त्या पहिल्या फटक्यात हो म्हणाल्याचं मला आठवत नाही.

"आलं हो," काकू म्हणाल्या.

हौसाबाई खुर्चीपाशी आल्या. "काका, पाय वर घ्या जरा."

काकांनी दोन्ही पाय उचलले आणि त्यांनी खालून झाडू फिरवला.