सवतीचं गाणं

आमच्याकडं माणूस बहिरा झालेला लवकर कळत नाही. सगळेच वरडून बोलतात, मग कळणार कसं? शेजाऱ्याला चहाला बोलावलं तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. पुण्याला एका लग्नाला गेलतो, तिथं व्याह्यांकडची एक बाई बराच वेळ माझ्याशी बोलत होती आणि आवाजच येत नव्हता. घरी येऊन मी तिची नक्कल केली. म्हटलं, पुण्याची माणसं नुसते ओठ हलवतात, ऐकायचं तेवढं आपण समजून घ्यायचं. बायको डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली. लई शहाणा मी!

खरं काय ते कळलं एका जपानी गाण्यामुळं.

आमच्या गावाहून, गडमुडशिंगीहून सायकल मारत मी फौंड्रीत जायचो. फेटलिंगला होतो. म्हणजे ओतलेला लोखंडी भाग थंड झाला की त्याच्या कडा ग्राइंडरवर घासून काढायच्या. आठ तास तो आवाज कानाशी. साहेब सांगायचे, कानात कापसाचे बोळे घाला. कुणी घातलेच तर आम्ही त्याची टिंगल करायचो, म्हातारा झालास काय रे म्हणून. चाळीसेक वर्षांपूर्वी तिथं नवीन मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आला, महिनाभर राहिला. सगळे त्याला पावणं म्हणायचे. ‘पावणं, चहा?’ एवढं मराठी त्याला समजायला लागलं.

जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद झाल्या की तो छोट्या टेपवर एक कॅसेट लावायचा. कॅसेटवर एका पोरीचा फोटो, आखूड केस, पांढरा फ्रॉक, हातात माइक. त्यांच्याकडची मोठी गायिका असावी, कारण फोटोवर बोट ठेवून तो छातीवर हात ठेवायचा. एक दिवस टेप गुंतली आणि तुटली. पावण्याचं तोंड रडवेलं झालं. मी चुरगळलेला तुकडा ब्लेडनं कापून टाकला, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडली, पेन्सिलीनं रीळ गुंडाळलं. गाणं वाजलं. फक्त एका जागी, जिथं पोरगी लांब सूर धरायची, तिथं तो सूर मध्येच कापला जाऊन गाणं एकदम पुढच्या ओळीवर उडी मारायचं. पावणा हसला. जाताना कमरेत वाकला आणि कॅसेट माझ्या हातात देऊन गेला.

त्यातलं एक अक्षर मला कधी कळलं नाही. पण दिवसभराची किरकिर डोक्यात घेऊन घरी यायचं आणि तो बारीक, स्वच्छ आवाज ऐकायचा, की डोकं धुतल्यासारखं व्हायचं. मला ती आवडायची. लपवायचं काय त्यात? बायकोला मात्र तो फोटो बघूनच राग यायचा.

“लावा, माझ्या सवतीला लावा!” ती चुलीपुढनं वरडायची. “मांजर बरं की हिच्यापरास!”

मी मुद्दाम आवाज वाढवायचो. असं आमचं चाललं, पोरांची लग्नं झाली, मी रिटायर झालो, तरी चाललं.

मग काही वर्षांपूर्वी गाण्यातली पोरगी लांब लांब जायला लागली. ढोल येतोय, पोरगी येत नाही. टेप झिजली म्हणून रिपेअरवाल्याकडं तीनदा गेलो. त्यानं आतलं सगळं पुसून लावून दाखवलं.

“येतोय की आवाज, काका.”

“कुठं येतोय? खुळा समजलास काय मला?”

भांडून आलो. टेपरेकॉर्डर कपाटावर ठेवून दिला आणि त्या माणसाच्या नावानं वर्षभर बोटं मोडली. बिचाऱ्याची माफी मागायची राहूनच गेली.

मागच्या वर्षी कॉलेजात जाणाऱ्या नातीनं कॅसेटवरचा फोटो बघितला आणि किंचाळली. तिच्या मैत्रिणी म्हणे याच बाईच्या गाण्यांवर रील करतात. फोनवर तिनं ते गाणं काढलं. खाली कुठल्या कुठल्या देशांतली माणसं लिहीत होती, आईची आठवण आली, कॉलेजचे दिवस आठवले. ही गाणी आली तेव्हा त्यातली निम्मी जन्मलीही नसतील. मला वाटायचं ती माझ्या एकट्याची आहे. नातीनं फोन माझ्या कानाला लावला. धप धप एवढंच आलं. फोनवर टेप झिजत नाही, हे मला तेव्हा समजलं.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “ह्ये आपलं न्हवं. आपल्यात ती मदीच अडखळती.” मला ते नातीनं मोठ्यानं सांगितलं. त्या वेळी माझं तिकडं लक्ष नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी एक कागद दाखवला, त्यावर घसरगुंडीसारखी उतरत गेलेली रेघ. बारीक आवाज गेले ते गेले, म्हणाले, राहिलेलेही हळूहळू जातील. कानात मशीन बसवलं. भांडी आपटलेली कळतात, कुकरची शिट्टी मेंदूत घुसते. गाणं लावलं की पत्रा खरवडल्यासारखं होतं. एकदा, मरायच्या आधी फक्त एकदा, ती नीट ऐकायला मिळावी, एवढंच माझं मागणं होतं. डॉक्टरांना तसं म्हणालोसुद्धा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मराठी गाण्यांचं ठीक आहे. शब्द पाठ आहेत, मनात म्हणता येतात. हिचे शब्द मी कधी घेतलेच नव्हते. नातीनं ते मराठी अक्षरांत लिहून दिले. रेशन दुकानाच्या पाटीसारखे वाचून बघितले. चाल आठवायला जातो तर दुसऱ्याच कुठल्या गाण्यात शिरतो. एकदा नातीला म्हणून दाखवलं. ती मोठ्यानं म्हणाली, “बरोबर हाय की आबा!” आणि खाली बघितलं. पोरीला खोटं बोलता येत नाही.

परवा दुपारी घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो. समोर बायको शेंगा फोडत होती आणि तिचे ओठ हलत होते. माझ्याच नावानं काहीतरी चाललं असणार, म्हणून मी खेकसलो, “काय? मोठ्यानं बोल की!” तिचं लक्ष नव्हतं. तोंड उघडलं, लांब उघडंच राहिलं, आणि मध्येच पटकन मिटलं. लगेच पुढं सुरू.

ती जागा मला ओळखायला कान लागत नाहीत. ती मी माझ्या हातानं ब्लेडनं कापलीय.

“तुला येतंय ते?”

ती दचकली. लाजलीसुद्धा, या वयात. मग ओरडून बोलली, ओठ मोठे मोठे करून, म्हणजे मला कळावं. “चाळीस वर्सं कानाशी वाजतंय, न येऊन सांगतंय कुणाला?”

“म्हण की परत. मोठ्यानं.”

शेंगा बाजूला सारून तिनं म्हटलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड लाल झालं, शेजारीण कुंपणावरनं डोकावली. मी मशीन कानात दाबून धरलं. गुरगुर आली, बाकी काही नाही. गाणं माझ्यापासून दोन हातांवर होतं, माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या तोंडात.

“आलं?” तिनं विचारलं.

“न्हाय,” म्हटलं.

ती थांबली नाही. परत पहिल्यापासून सुरू केलं. मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो, ती जागा यायची वाट बघत. सगळ्या गाण्यात मला आता तेवढीच कळते, जिथं ते तुटलंय.