जहाजावरचा वाढपी

सुरतेजवळच्या भेस्तानमध्ये कुणा खानदेशी माणसाच्या घरी लग्न असो नाहीतर बारसं, पंगत सांभाळायला मला बोलावतात. दिवसभर मी मार्केटात साड्यांची पार्सलं बांधतो ते पोटासाठी. पंगत मी हौसेने सांभाळतो. चंदूनानाच्या पंगतीतून माणूस अर्धपोटी उठला, असं म्हणायची कुणाची टाप नाही. एकदाच तशी वेळ आली, आणि तीही ललितमुळे. ललितला वाढायला मीच शिकवलेलं, त्यामुळे ही गोष्ट दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

ललित हा आमच्या गल्लीतल्या हिलाल बोरसेचा मुलगा. हिलाल सचिन गावातल्या कापड रंगवायच्या मिलमध्ये आहे. त्याच्या नखांचा मूळ रंग काय, हे आता त्याच्या बायकोला, उषाबाईलाही, आठवत नसेल. मुलगा मात्र पहिल्यापासून टापटिपीचा. कॉलेजात असताना माझ्या पंगतीत वरणाची बादली घेऊन फिरायचा आणि पांढऱ्या शर्टावर एक थेंब उडू द्यायचा नाही. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, ताटाकडे बघायचं, हे मी त्याला शिकवलं. पाहुण्याचं पहिलं 'नको' ऐकायचंच नसतं आणि दुसऱ्या 'नको'ला हसून वाढायचं असतं, हेही शिकवलं. पुढे तो हॉटेलचा कोर्स करून डुमस रोडवरच्या एका हॉटेलात राबला आणि मुंबईच्या एजंटामार्फत परदेशी जहाजावर लागला. मालाचं जहाज नव्हे. श्रीमंत माणसं नुसती खायला-प्यायला आणि समुद्र बघायला ज्यात बसतात, ते जहाज.

सुट्टीवर आला की तो माझ्या ओट्यावर बसून तिथल्या गमती सांगायचा. डायनिंग हॉलमधली ठरावीक टेबलं त्याच्याकडे असतात. सफर संपेपर्यंत तीच माणसं रोज संध्याकाळी त्याच खुर्च्यांवर येऊन बसतात. पहिल्या संध्याकाळी नावं विचारून घ्यायची आणि दुसऱ्या संध्याकाळी नावाने हाक मारून खुर्ची ओढायची. कुणाला पाण्यात बर्फ चालत नाही, कुणाला कोथिंबिरीचा वास सहन होत नाही, कुणाला मासा हवा पण काटे काढलेला. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागू नये, एवढीच त्यांची अपेक्षा, आणि ती पुरी करता करता वेटरचा जीव मेटाकुटीला येतो.

"जेवन तर त्यासले घरबी भेटस, नाना," ललित म्हणाला. "आपल्याले कोनी ओळखस का, हाई पाहाले येतस त्या."

"आणि आग्रह?" मी विचारलं.

"आग्रह नही. एकदाच इचारानं. नको म्हने का सरकी जावानं."

काटा आणि चमचा ताटलीत शेजारी शेजारी ठेवले, की जेवण संपलं असं समजायचं आणि ताटली उचलायची. ती समोर पडून राहिली तर हेड वेटर लांबूनच डोळे वटारतो. सफर संपताना प्रवासी वेटरला मार्क देतात आणि त्या मार्कांवर त्याला पुढच्या वेळी कुठली टेबलं मिळणार ते ठरतं. मी म्हणालो, एकदा विचारून पुढे जायचं म्हणजे ते सरकारी दवाखान्यातलं जेवण झालं. ललित हसला, वाद घातला नाही. त्याचा हाच स्वभाव मला कधी कधी चीड आणतो.

त्याच बैठकीत त्याने एका म्हाताऱ्या साहेबाची गोष्ट सांगितली होती. साहेबाचा हात थरथरायचा. पहिल्या संध्याकाळी सूप त्याच्या कोटावर सांडलं आणि तो पुढचं काही न खाता उठून गेला. दुसऱ्या दिवशी ललितने भटारखान्यात सांगून त्याचं सूप कान असलेल्या कपातून आणलं. आणि त्याच्या एकट्याचं नाही, त्या टेबलावरच्या सगळ्यांचंच. सफरभर त्या टेबलावर सूप कपातूनच आलं, कुणाला काही कळलं नाही. मी म्हटलं, एवढ्यासाठी सगळ्यांचे कप विसळत बसलास? आमच्याकडे हात थरथरला तर शेजारचा माणूस वाटी धरतो.

मग ललितच्या बहिणीची, वृषालीची, सोयरीक जुळली. मुलगा योगेंद्र, पर्वत पाटियाचा, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर. मुलगा सरळ, मुलीला पसंत, आणि वृषाली सहजासहजी कशाला पसंत म्हणणारी नाही. त्या घरात शब्द चालतो तो योगेंद्रच्या आजोबांचा, सुकदेवआप्पांचा. अमळनेरकडून सुरतेला येऊन लूमवर उभे राहिलेल्या पहिल्या माणसांपैकी ते. ताठ माणूस, बोलणं कमी. मुलाकडची मंडळी भेस्तानला यायची, जेवायची आणि जेवणानंतर सुपारी फुटायची, असं ठरलं. सुपारी फुटली की सोयरीक पक्की.

ललित नेमका सुट्टीवर होता. पाहुण्यांच्या पंगतीला मी वाढतो, नाना, तो म्हणाला. मला अभिमान वाटला. सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. ललितने हट्टाने पत्रावळींऐवजी स्टीलची ताटं आणवली आणि स्वतः फडक्याने पुसून मांडली. बेत आपला नेहमीचा, वरण, बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी आणि वर तूप. कणकेची तळलेली बट्टी हाताने चुरायची, तिच्यावर वरण ओतायचं, तूप सोडायचं, मग जेवायला सुरुवात. मधोमध सुकदेवआप्पा बसले होते आणि दोन्ही बाजूंना त्यांचे भाऊबंद.

पहिली वाढ झाली. ललित आणखी बट्टी घेऊन आप्पांपाशी वाकला आणि म्हणाला, "आप्पा, आखो बट्टी?" आप्पांनी ताटावर हात धरला. "नको."

आता पुढे काय करायचं हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ललितने मान डोलावली, तो वाकला आणि आप्पांच्या समोरचं ताट उचलून घेऊन गेला.

मी दुसऱ्या टोकाला तुपाची वाटी घेऊन उभा होतो.  पंगत चालू असताना माणसाच्या पुढ्यातलं ताट उचलायचं म्हणजे त्याला जेवणावरून उठवायचं. आप्पांनी ताट होतं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि ते उठले. घरातला वडीलधारा उठल्यावर बाकीचे कसे बसतील? वरणात बोटं बुडालेली ती सगळी पंगत तशीच उठली. हात धुतले, चपला घातल्या. योगेंद्रच्या वडिलांनी हिलालला एवढंच सांगितलं की सावकाश कळवू. सुपारी पानाच्या ताटात तशीच राहिली.

त्या दिवशी मी ललितला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तुला शिकवलं ते सगळं समुद्रात बुडवून आलास, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. उषाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.  ललित मान खाली घालून ऐकत होता. जहाजाची सवय, नाना, चुकलं, एवढंच म्हणाला. फक्त वृषाली भावाला काही बोलली नाही. "दादा उगीच काही करत नाही," ती मला म्हणाली, आणि माझा संताप आणखी वाढला. मोडली तर तिचीच सोयरीक मोडणार होती.

बरेच दिवस पर्वत पाटियाहून काही निरोप आला नाही. शेवटी ललितच म्हणाला, मी जाऊन पाय धरतो. एकट्याने जाऊन तिथे आणखी काही उचलून आणेल, या भीतीने मी बरोबर गेलो.

सुकदेवआप्पा खाटेवर बसले होते. आम्हाला बसा म्हणाले, पाणी दिलं. मग सगळ्या घरादेखत, मुलगा, सून, योगेंद्र सगळे उभे असताना, त्यांनी विचारलं, "तू मनं ताट कसाले उचलं?"

"मनी चूक व्हयनी, आप्पा. जहाजनी सवय. माफ करा."

"बस? दुसरं काही नही?"

"नही, आप्पा."

 मला वाटलं, आता उठा म्हणतील. पण आतून त्यांच्या पत्नीचा, सोनाबाईंचा, आवाज आला की पानं वाढली आहेत, घरी आलेली माणसं उपाशी जाणार नाहीत. मी भीत भीत पाटावर बसलो. त्यांच्याकडेही वरण-बट्टीच होती. सोनाबाई वाढायला आल्या तेव्हा मी शिरस्त्याप्रमाणे नको म्हणालो. ललितने मात्र ताट पुढे केलं. "माले द्या, आजी. भूक शे, आनि भाजी लई भारी व्हयनी." मुलीकडचा माणूस, तोही माफी मागायला आलेला, आणि मागून खातोय. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सोनाबाई हसत होत्या. आयुष्यभर लोकांना जेवू घातलं, त्या म्हणाल्या, पण असं तोंडाने मागणारा कुणी भेटला नव्हता.

तेवढ्यात त्यांनी आप्पांचं ताट आणून ठेवलं. आमच्या ताटात बट्ट्या अख्ख्या होत्या. आप्पांची बट्टी आतूनच चुरून, वरणात भिजवून आलेली होती. आप्पांनी ती डाव्या हाताने ताट धरून उजव्या हाताच्या बोटांनी हळूहळू खाल्ली. मी पाहिलं आणि लगेच माझ्या भाजीकडे बघायला लागलो.

निघताना सोनाबाई दारापर्यंत आल्या. आप्पा आत होते. त्या ललितला हळूच म्हणाल्या, "लकवा येई गया होता त्यासले. हातले जोर नही. बट्टी दाबाले गयात आनि ती सटकी गई. त्या मांडवमा बठ्ठा लोक पाहाले लागतात, म्हनीसन तू ताट उचलं ना? तुले दिखनं ना?"

"माले काही दिखनं नही, आजी," ललित म्हणाला. त्याने वाकून नमस्कार केला आणि चपला घालायला लागला.

रस्त्यावर आल्यावर मी त्याला विचारलं, हे त्या दिवशी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी तरी एवढं बोललो नसतो. तो म्हणाला, "नाना, सांगायचंच असतं तर ताट कशाला उचललं असतं?"  बहिणीचं लग्न मोडायच्या बेतात होतं, आईबाप तोंड फिरवून बसले होते, आणि ह्या पोराने एका म्हाताऱ्याचा हात झाकायला सगळं बोलणं अंगावर घेतलं होतं. मोठ्या मनाची माणसं मी ऐकून होतो. हा तर माझ्या ओट्यावर बसून चहा पिणारा. मला त्याचा फार फार अभिमान वाटला, आणि तो मी तिथल्या तिथे, रिक्षावाल्यासमोर, त्याला सांगून टाकला. तो लाजला आणि म्हणाला की तरी पंगत उठली ही चूकच झाली, वाकून बट्टी मीच चुरून द्यायला हवी होती, पण हातात झारा होता आणि सगळे बघत होते.

सोनाबाई घरात आप्पांशी काय बोलल्या ते त्यांचं त्यांना माहीत. पण दुसऱ्याच दिवशी निरोप आला. सुपारी फुटेल. लग्न मात्र ललितची सुट्टी संपायच्या आत झालं पाहिजे, आणि आप्पांच्या पंगतीला वाढायला ललितच पाहिजे. नवरीच्या सख्ख्या भावाला मांडवात मिरवायचं सोडून बादली धरायला लावणारे व्याही मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

लग्नाच्या दिवशी सकाळीच ललित आचाऱ्याकडे जाऊन बसला. मग माझ्याकडे आला. म्हणाला, वडीलधाऱ्यांच्या पंगतीला बट्टी चुरून, वरण घालूनच ताटं न्यायची. मी चिडलो. पंगत आहे की बालवाडी? एवढ्या बट्ट्या कोण चुरणार? "नाना, बठ्ठासले सारखी," तो म्हणाला. सगळ्यांना सारखी, म्हटल्यावर मला कपातलं सूप आठवलं. मी बाह्या सरसावल्या आणि बट्ट्या चुरायला बसलो. हात भाजले, पण बसलो.

एक-दोन म्हातारे कुरकुरले की आम्हाला काय दात नाहीत. चंदूनानाची नवी पद्धत आहे, असं मी ठणकावून सांगितलं.  सुकदेवआप्पा शांतपणे जेवत होते. ललित तुपाची वाटी घेऊन आला.

"आप्पा, तूप ल्या."

"नको."

"ल्या ना, आप्पा. जरासं."

"नको म्हनं ना."

"वृषालीनी शपथ शे तुमले."

आप्पांनी ताटावरचा हात बाजूला घेतला. ललितने तूप सोडलं, मागोमाग बट्टीही आणली, आणि तिलाही नको-नको होऊन ती ताटात पडलीच. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतः एक वाटी वरण उभ्याउभ्या प्यायलो.

सगळ्यांचं जेवण आटोपलं, पाणी पिऊन झालं. तरी आप्पा उठेनात. ते उठत नाहीत म्हणून कुणीच उठेना. हिलालचा चेहरा उतरला.  ललित लगबगीने त्यांच्यासमोर जाऊन वाकला, काय कमी पडलं ते विचारायला. आप्पांनी आपल्या रिकाम्या ताटाला हात घातला. तोच उजवा हात. सगळ्या पंगतीसमोर, थरथरत, त्यांनी ते ताट ललितकडे सरकवलं.

"आते उचल," ते म्हणाले.

ललितने दोन्ही हातांनी ताट उचललं. मग आप्पा उठले, आणि त्यांच्या मागोमाग सगळी पंगत उठली.