एकच हात मोकळा

कुंदाताई परबांशी माझी ओळख फोनवर झाली, आणि पहिले दोन आठवडे आमचं एकही बोलणं पुरं झालं नाही. घाटकोपर पश्चिमेला कॅमेऱ्याच्या एका दुकानात मी काउंटर सांभाळतो. दुपारी पावणेतीनला, गिऱ्हाईक नसताना, फोन वाजायचा. "काल तुम्ही अठरा-पंचावन्नच्या लेन्सचं सांगत होतात," असं म्हणत त्या कालच्या तुटलेल्या जागेपासून सुरुवात करायच्या. मी दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच पलीकडून एकच शब्द यायचा, "उठली!" आणि फोन बंद.

कोण उठली ते मी कधी विचारलं नाही. घरात तान्हं मूल असेल असं धरून चाललो होतो.

हळूहळू तुकड्यातुकड्यांनी त्यांचं काम कळलं. कॅनडाला जाताना भाऊ आपला डीएसएलआर कॅमेरा त्यांच्याकडे ठेवून गेला होता. कपाटात पडून पडून लेन्सला बुरशी लागली होती, बॉडी मात्र ठणठणीत होती. त्यांना एकच लेन्स हवी होती. रोज बाहेर पडताना लावायची आणि मग बदलायची नाही अशी. अशा गिऱ्हाइकाला आम्ही डोळे मिटून झूम लेन्स दाखवतो. मीही अठरा-एकशेचाळीसची तारीफ सुरू केली: जवळचं घ्या, लांबचं घ्या, एका लेन्समध्ये सगळं. पण बाईंचे प्रश्नच वेगळे. वजन किती? खांद्याला भाजीची पिशवी असली तर जमेल का? थांबायला मिळालं नाही, तर चालता चालता फोटो येतो का?

"मॅडम, घाई कसली? दोन मिनिटं थांबून काढायचा ना फोटो," मी म्हणालो.

"बघू, किती परवानगी मिळते ते... उठली!"

तिसऱ्या आठवड्यात त्या दुकानात आल्या. पन्नाशीच्या, सुती ड्रेस, केस घट्ट बांधलेले. मागे नऊवारीतली एक लहानखुरी म्हातारी. ओढणीचं एक टोक म्हातारीच्या मनगटाला बांधलेलं होतं, दुसरं यांच्या डाव्या मनगटाला.

"मी कुंदा परब. ही माझी आई," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी म्हणजे एकच माणूस धरा."

आईंना विसरायला होत होतं. गिरणीत असलेला नवरा वारला हेही त्या विसरल्या होत्या, भटवाडीतलं घर आपलं आहे हेही. आठवत होतं ते फक्त मालवणजवळचं गाव, आणि दिवसातून दहा वेळा त्या तिकडे जायला निघायच्या. म्हणून दाराला आतून कुलूप आणि किल्ली कुंदाताईंच्या गळ्यात. साकीनाक्याच्या एका कारखान्यातली ऑफिसची नोकरी त्यांनी पाच वर्षांपूर्वी सोडली होती. भावाचा दर रविवारी फोन यायचा. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे," असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा. हे सांगताना त्या हसल्या. "एवढं बोलला ना, की पुढे बोलायला काही उरतच नाही."

मी झूम लावून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. उजव्या हाताने त्यांनी तो डोळ्यापाशी नेला. झूमची कडी फिरवायला डावा हात वर गेला, तसा आईंचाही हात वर ओढला गेला.

"गो, खंय व्हरतंस माका?" आपल्याला कुठेतरी नेताहेत असं वाटून आई घाबरून म्हणाल्या.

कुंदाताईंनी कॅमेरा खाली ठेवला. "हे फिरवायला दुसरा हात लागतो."

"झूम म्हटलं की लागणारच."

"मग नको. माझा एकच हात मोकळा असतो."

इतकी वर्षं मी लेन्स विकतोय. गिऱ्हाइकाला हात किती मोकळे आहेत, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं. मी पस्तीसची फिक्स लेन्स काढली. छोटी, हलकी, फिरवायचं काही नाही. बोट दाबलं की फोकसही आपोआप. "फक्त यात जवळ-लांब होत नाही," मी सांगितलं. "आपणच पुढे-मागे व्हायचं."

"ते आई ठरवेल," असं म्हणून त्यांनी ती घेतली.

मग महिन्या-दीड महिन्याने त्या मेमरी कार्ड रिकामं करून घ्यायला येऊ लागल्या. मॅडमच्या त्या ताई झाल्या, मी 'अरे सतीश' झालो. फोटो बघायला मी आतुर असायचो. किल्ल्या घासणाऱ्याची बोटं, हातगाडीखाली झोपलेलं कुत्रं, असल्फ्याच्या चढावर वाळत घातलेल्या गोधड्या. सगळे फोटो चालता चालता घेतलेले, किंचित तिरके. "सरळ धरायला गेले की ही ओढते," त्या म्हणायच्या. फिरून फिरून भटवाडी ते स्टेशन एवढाच त्यांचा टापू, पण त्यात त्यांना रोज काहीतरी नवं सापडायचं.

पुढे जे झालं, त्यात चूक माझी होती.

एका दुपारी त्या आल्या तेव्हा शोकेसमध्ये एक नवी झूम आली होती. माझ्यातला विक्रेता म्हणा, की त्यांना एकदा ते सुख मिळावं असं वाटलं म्हणा, मी म्हणालो, "ताई, पाच मिनिटं बघा तर. आईंकडे मी लक्ष ठेवतो." आईंना स्टुलावर बसवलं. कुंदाताई जरा घुटमळल्या, मग त्यांनी गाठ सोडली.

दुकानाच्या दारात उभं राहून, दोन्ही हातांत कॅमेरा धरून त्यांनी मेट्रोचा पूल जवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. "अरे सतीश, त्या पोराच्या शर्टाची बटणं दिसतात बघ!" त्या ओरडल्या. एवढा मोकळा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. तेवढ्यात एकाने बॅटरी मागितली. मी वळून ड्रॉवर उघडला, बॅटरी दिली. परत पाहिलं तर स्टूल रिकामं.

बाजूच्या दाराने आई गेल्या होत्या.

आम्ही दोघं रस्त्याच्या दोन बाजूंनी धावलो. भाजीवाले, रिक्षावाले, देवळाच्या पायऱ्या, सगळीकडे विचारलं. अर्ध्या तासाने पोलीस चौकीत गेलो. हवालदार चांगला होता. "आजींचा अलीकडचा फोटो द्या, लगेच सगळीकडे पाठवतो," तो म्हणाला. मला हायसं वाटलं, आमच्याकडे फोटोंना काय तोटा! दुकानात धावत येऊन मी कॉम्प्युटरवरचे त्यांचे सगळे फोल्डर उघडले. शेकडो फोटो. आईंचा एकही नव्हता. पदराचं टोकसुद्धा नव्हतं.

"ताई, एकही नाही?"

त्या स्क्रीनकडे बघत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "तिथे तरी ती नको होती मला."

शेवटी आमच्या सीसीटीव्हीतलं एक चित्र पाठवलं, दारातून बाहेर पडणाऱ्या आईंचं, पाठमोरं.

चार तासांनी चौकीतून फोन आला. आई बस डेपोत सापडल्या होत्या. उभ्या असलेल्या एका बसमध्ये चढून बसल्या होत्या आणि कंडक्टरकडे मालवणचं तिकीट मागत होत्या. उतरायला तयार नव्हत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या खिडकीपाशी बसल्या होत्या आणि शेजारच्या सीटवर तळहात पसरून ठेवला होता, कुणी बसू नये म्हणून.

"इतको येळ खंय होतंस गो?" त्या कुंदाताईंवर खेकसल्या. "तुझी जागा धरून ठेवलंय मी."

कुंदाताई त्या जागेवर बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सतीश, तू जा दुकानात. आम्ही जरा बसतो."

मला वाटलं, त्या आता आमची पायरी चढणार नाहीत. पण आठवड्याने आल्या, मनगटाला गाठ तशीच. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी थांबवलं. "तुझं काही नाही रे. दारात उभी होते ना, ती पाच मिनिटं मला आई आठवलीच नाही. हरवल्याचं दुःख वेगळं. पण ती पाच मिनिटं मला आवडली, त्याची भीती वाटते."

मी कार्ड रिकामं करून दिलं. आईंचा फोटो त्यातही नव्हता.

दीड वर्षाने आई गेल्या. बाराव्याला मी भटवाडीत गेलो. कॅनडाहून भाऊ आला होता. हार घातलेला फोटो जुना होता, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा विरलेला. भाऊ बराच वेळ त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, घरात एवढा चांगला कॅमेरा होता. आईचा एक फोटो काढला नाहीस?"

मी मान खाली घातली. खोटं बोलून मोकळं व्हायला त्यांना काहीच हरकत नव्हती. कार्ड खराब झालं म्हणाल्या असत्या, तर मीही हो म्हटलं असतं.

"नाही काढला," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी दिवसभर तिच्याकडेच बघत होते रे."

कुंदाताईंनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि दुकान कसं चाललंय ते विचारलं.