खाकरणाऱ्या काकांच्या मागे

शर्यत सुरू व्हायच्या आधीच मला किळस आली होती. कडाक्याच्या थंडीत आम्ही सगळे उजाडायच्या आत येऊन कुडकुडत उभे होतो आणि मंचावर एक पुढारी आरोग्याचं महत्त्व सांगत होता. सांगता सांगता तो तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात नेत होता. शेजारच्या मोठ्या पडद्यावर ते सगळं दिसत होतं. त्याचं संपेना म्हणून शर्यत सुटेना.

आदल्या दिवशी मी परतूरहून रेल्वेने जालन्याला धाकट्या बहिणीकडे आले होते. परतूरला मी शाळेत शिकवते. चाळिशीनंतर रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालता चालता मी कधी पळायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. पळायचे ते एकटीच. एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत माझं नाव घातलं ते बहिणीने. आता ती बांबूच्या कठड्यापलीकडे शाल गुंडाळून उभी होती.

"ताई, सुरुवातीला हळू जा. बोलता येईल इतकंच पळ."

"मला माहीत आहे गं."

खरंच माहीत होतं. परतूरच्या रस्त्यावर मी पाढे म्हणत पळायचे, मोठ्याने. पाढा न अडखळता म्हणता आला की वेग बरोबर, धाप लागून मध्येच तुटला की पाय आवरायचे. कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच काढलं होतं. त्यामुळे वेगाच्या बाबतीत मला कुणाच्या सल्ल्याची गरज नाही असं मी धरून चालले होते.

शेवटी एकदाची शर्यत सुटली. अंबड रस्त्याने जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. गर्दी थोडी विरळ झाली आणि मी पाढा सुरू करणार, तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला. नुसता घसा साफ करण्याचा नव्हे. पोटाच्या तळापासून काहीतरी ओढत वर आणल्यासारखा लांबलचक आवाज, मग क्षणभर शांतता, आणि थू. ते माझ्या बुटापासून हातभर अंतरावर पडलं.

"माफ करा हां ताई. थंडीत कफ लई होतो."

साठी उलटलेला, ठेंगणा, पोट सुटलेला माणूस होता. जाळीच्या बनियनवर नंबर टाचलेला, कमरेला छोटी पिशवी बांधलेली. मी "असू द्या काका" म्हटलं आणि वेग वाढवला.

थोड्या वेळाने मी आपोआप मंदावले आणि तो पुन्हा शेजारी आला. येताना एक नाकपुडी दाबून दुसरी मोकळी केली आणि बोटं चड्डीला पुसली. मग बोलायला लागला. बँकेतून निवृत्त झाला होता, जालन्यातच मस्तगडला राहत होता, अशा शर्यती किती पळाला ते त्यालाच आठवत नव्हतं. "बैठकीत भिंत भरली ना मेडलांनी. सून म्हणते, बाबा, आता खिळा ठोकायला जागा न्हाई." स्वतःच हसला आणि खाकरला. मी पुन्हा पुढे निघून गेले. मला त्याचा आवाज ऐकू येणार नाही इतकं लांब जायचं होतं, बस.

पण तो आलाच. कसा आला कुणास ठाऊक. धाप नाही, घाई नाही.

"गाव कोणतं तुमचं?"

"परतूर."

"परतूरला कोणाच्या तुम्ही? आडनाव काय?"

हा प्रश्न आमच्याकडे कशासाठी विचारतात ते शाळेतल्या पोरांनाही कळतं. मी आडनाव सांगितलं.

"अच्छा, अच्छा." पळता पळता त्याने कमरेची पिशवी सारखी केली. "न्हाई, मी तर हे बिलकुल मानत न्हाई बरं का. आमच्या ब्रँचला तुमच्यातले दोघं होते. लई स्वच्छ राहायचे. एकदम टापटीप."

स्वच्छ! ज्याच्या बोटांवरचा शेंबूड अजून वाळला नव्हता तो माणूस आमची माणसं स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र देत होता. माझ्या अंगावर शहारे आले. उलट बोलायला हवं होतं, पण बोलण्यासाठी त्याच्या जवळ थांबावं लागलं असतं. तिसऱ्यांदा मी पाय उचलले, आणि या वेळी आवरलेच नाहीत. चढावर लोकांना मागे टाकत गेले. पाढा म्हणून बघावा हे डोक्यातही आलं नाही.

अर्ध्या वाटेवरून वळलो तेव्हा ऊन उजव्या अंगाला आलं होतं. पाण्याच्या टेबलाभोवती चुरगळलेले प्लास्टिकचे ग्लास आणि संत्र्याची सालं यांचा चिखल झाला होता. कुणीतरी टेबलाच्या पायाशीच ओकलं होतं आणि कुणाचा तरी बूट त्यात पडून पुढे गेला होता, त्याचे ठसे रस्त्यावर उमटत गेले होते. मी श्वास रोखून ग्लास उचलला. सरबत कोमट आणि इतकं गोड होतं की जीभ चिकटली. तिथून थोडंसं पुढे गेले आणि पाय संपले. दुखले असं नाही, संपलेच. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. ज्यांना मी चढावर मागे टाकलं होतं ते एकेक करून पुढे जाऊ लागले. मी चालायला लागले, आणि ते चालणंही धड नव्हतं.

मग मागून तो आवाज आला. मान वळवायची गरजच नव्हती.

"ताई, तुम्ही शर्यत पळून राह्यल्या का माझ्यापासून पळून राह्यल्या?"

मी पाय ओढत चालत राहिले.

"तीनदा पुढं गेल्त्या तुम्ही. मी काई केलं का? मी तोच, माझा स्पीड तोच. मंग थकलं कोण?" त्याने कमरेच्या पिशवीत बोटं घातली. "काई खाल्लं का? न्हाई ना? हात करा पुढं."

मी तळहात पुढे केला. त्याने एक खजूर काढला आणि हात चांगला उंच धरून, वरून माझ्या तळहातावर सोडला.

वरून. माझ्या आईच्या लहानपणी गावात आमच्या माणसांना पाणी असंच वरून मिळायचं. आईने ते मला एकदाच सांगितलं होतं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. तो खजूर हातात घेऊन मी उभी राहिले. ओला होता. घामाने की कशाने ते मला जाणून घ्यायचं नव्हतं. फेकून द्यावा असं वाटलं. पण पाय लटपटत होते आणि समोर अजून बराच रस्ता होता. मी तो तोंडात टाकला. आधी खारट लागला, मग गोड. ओकारी आली, ती दाबून गिळला.

"आता माझ्या मागं राहा. पुढं जायचं न्हाई, बराबर राहायचंही न्हाई."

राहिले. तो डावीकडे थुंकतो हे माहीत झालं होतं, म्हणून उजवीकडून, दोन हात अंतर ठेवून पळत राहिले. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याच्या टाचा बघत होते. एक मोजा खाली घसरलेला, टाचेला काळ्या भेगा. पण त्या टाचांचा ठेका बदलत नव्हता. चढ आला की पावलं आखूड व्हायची, ठेका तोच. उतारावर बाकीचे सुटायचे, हा सुटायचा नाही. कुणी शेजारून सपाट्याने पुढे गेलं तर मान वळवून बघायचाही नाही. मी मात्र पहिल्या पावलापासून त्याच्याच आवाजावर पळत आले होते, आवाज जवळ आला की जोरात, लांब गेला की हळू. माझ्या पायांचा वेग मी त्याच्या घशावर सोपवला होता, आणि मला वाटत होतं की मी त्याला टाळते आहे. हे कळलं आणि मला माझाच राग आला. थोड्या वेळाने पुटपुटून बघितलं. सहाचा पाढा शेवटपर्यंत म्हणता आला.

शर्यत संपायच्या रेषेच्या जरा अलीकडे त्याचा मुलगा फोन घेऊन उभा होता. त्याला बघताच हा थांबला, बनियन सारखं केलं, पोट आत ओढलं. मी त्याच्या शेजारून पुढे जाऊन रेषा ओलांडली. फार काही वाटलं नाही. बसायला जागा हवी होती.

मेडल गळ्यात घालून तो मुलाला घेऊन आलाच. "या मॅडम. यांना मीच खेचून आणलं बरं का. न्हाई तर रस्त्यातच बसल्या असत्या." मुलाने फोन वर धरला. "या, एक फोटो घेऊ."

"काका," मी म्हणाले, "खजूर तुम्ही वरून का टाकला?"

"आँ?"

"हातात दिला नाही. वरून टाकला."

मग त्याने आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले. "अहो, घाम होता हाताला. नाकाला लावल्ता हात. तुम्हाला घाण वाटली असती."

बोलताना त्याची नजर माझ्यावर नव्हती, फोनवर होती. एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं, खाकरला आणि थुंकला. मी फोटो काढू दिला नाही.

रिक्षात बहिणीला सगळं सांगितलं. ती ठामपणे म्हणाली, "खोटं बोलून राह्यला तो. आडनाव विचारणारा माणूस आहे. आणि तू खाल्लास?"

"खाल्ला."

"शी."

तो खरं बोलला की खोटं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझी किळस त्याच्या थुंकीची होती. त्याची किळस, असलीच तर, माझ्या आडनावाची होती. या दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालायच्या नाहीत, एवढं मला पक्कं माहीत आहे. घरी गेल्यावर दोनदा दात घासले आणि कढत पाण्याने अंघोळ केली, तरी तोंडातला खारटपणा जाईना.

नंतर परतूरला पुन्हा पळायला लागले. गेल्या महिन्यात एका मोटरसायकलवरचे दोघं जण मागून येऊन माझ्या पळण्याची नक्कल करत, घाणेरडं हसत पुढे गेले आणि पुलाजवळ थांबून राहिले. किळस आली. पाय आपसूक भरभर पडायला लागल्याचं जाणवलं. मी पाढा मोठ्याने सुरू केला, तो तुटला. पाय आवरले, पुन्हा पहिल्यापासून म्हटला. त्यांच्यासमोरून जाताना सोळा सक शहाण्णव चालू होतं. एक जण काहीतरी बोलला. किळस होतीच, पण सोळा सत्ते बारोदरसे म्हणत मी त्याच चालीने पूल ओलांडला.