पाठ फिरली की गायब

परवा जुन्या गेमची ओरखडलेली सीडी सापडली आणि पांढरकवड्याचा तो सायबर कॅफे आठवला. पंख्याची गरम हवा, तिला सरकीचा वास. कापसाला भाव नव्हता. खरेदी केंद्रावरची बैलगाड्यांची रांग हायवेपर्यंत आली होती, माझ्यासोबत कॅफेत येणाऱ्या मित्राचे वडील तिथंच मुक्कामाला होते. आदल्या दिवशी रांगेतला एक म्हातारा उन्हानं बसल्या जागी गेला होता. तीच रांग आम्ही गेममध्ये उभी केली. गेम चालवणारं ते जुनं इंजिन, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम, मोठं मोकळंढाकळं. नोटपॅडमध्ये फाइल उघडून मोटारींच्या जागी बैलगाड्या बसवल्या, तरी कुरकुरलं नाही. पण मेमरी तोकडी, कॅमेरा वळला की पाठीमागचं सगळं पुसून टाकायचं. मित्रानं माउसनं कॅमेरा फिरवून परत आणला, तर वडिलांची गाडी गायब. त्याचा चेहराच उतरला. गेम पुन्हा सुरू केला, गाडी आली. "आता माउस हालवू नको, मी बाबाले पाहून येतो," म्हणत तो पळत सुटला. आमची वेळ संपली. कॅफेवाला खेकसला, "उठ न बे!" मी स्क्रीनवरची नजर काढली नाही. शेवटी मित्र धापा टाकत आला, त्यानं आधी स्क्रीन पाहिली, मग म्हणाला, "हाये. बाबा बसून हाये." आताच्या इंजिनात अख्खा बाजार मावतो, मागचं काही पुसलं जात नाही, तरी कॅमेरा वळवताना माझा हात अडतोच.