घागरेवाल्यांचा बोकड

भास्करच्या नंबरवरून मेसेज आला की मी वाचायच्या आधी इअरफोन शोधायचे. तो 'कशा आहात' वगैरे कधी विचारायचाच नाही, थेट गाणं पाठवायचा. त्या मंगळवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन वाजला. मी सवयीने पर्स उपसली, इअरफोन कानात खुपसले आणि मग स्क्रीनकडे पाहिलं. नंबर त्याचाच, पण मेसेज सुनंदाचा होता, त्याच्या बायकोचा. "ताई, हे सकाळी गेले. झटका आला." कानात काहीच वाजत नव्हतं… तरी सुट्टी संपेपर्यंत मला ते इअरफोन काढवले नाहीत.

इंदिरानगरात त्याचं चष्म्यांचं छोटं दुकान आहे. नऊ वर्षांपूर्वी मी तिथे वाचायचा चष्मा करायला गेले आणि माझ्या आयुष्यात बॅगपाइप शिरला! डोळे तपासताना तो एकेक काच बदलत विचारायचा, "हे स्पष्ट, की हे?" नंबर निघाला की काच घासून फ्रेममध्ये बसेपर्यंत गिऱ्हाइकाच्या कानांवर हेडफोन चढायचे, आणि पुन्हा तोच प्रश्न, फक्त आता गाण्यांसाठी. आयर्लंड-स्कॉटलंडकडचे लोकसंगीताचे बँड हे त्याचं वेड. त्यांची नावं त्याच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून त्याने सगळ्यांची नव्याने बारशी केली होती. घागऱ्यासारखा किल्ट नेसणारे ते घागरेवाले, शिवाय पाच दाढ्या, बासरीवाली आत्या… आणि माणूस बघून बँड ठरायचा. तोंड पाडून आलेल्याला पाच दाढ्यांचं सर्दी झालेल्या ड्रॅगनचं गाणं. बिचारा आग ओकायला जातो आणि नुसताच शिंकतो! फार ऐट मारणाऱ्याला घागरेवाल्यांचा समुद्री चाचा, ज्याला स्वतःच्याच जहाजात बोट लागते. माझ्या वाट्याला पहिल्या दिवशी ड्रॅगन आला. मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे शब्दन् शब्द कळला, आणि मी दुकानात इतकी खिदळले की बाहेरचे लोक डोकावून गेले. "ताई, तुमचा नंबर बरोबर निघाला," भास्कर म्हणाला.

हे सगळं त्याला सापडलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. तो मूळचा पेठकडचा, डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरचा. त्याचे वडील पावरी वाजवायचे. भोपळ्याचं वाद्य, पुढे ताडाच्या पानांचा मोठा कर्णा, आणि एकदा फुंकलं की सूर तुटायचं नाव नाही. वडील गेल्यावर हा मोबाइलवर पावरी शोधत बसला आणि शोधता शोधता बॅगपाइपवर जाऊन धडकला. "ताई, तोच दम! श्वास कुठं घेतात तेच कळत नाय," हे सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे! "फक्त आमचे बाबा घागरा नेसत नव्हते, तेवढाच फरक."

त्याचं सगळ्यात लाडकं गाणं मात्र इंग्रजीत नव्हतं. घागरेवाल्यांच्या जुन्या गेलिक भाषेतलं, मला ओ की ठो न कळणारं. भास्कर त्याचा अर्थ रंगवून सांगायचा. देवाला आणलेला एक बोकड असतो. सगळे जेवायला बसलेले असताना झाडातून एक बुटका येतो आणि बोकडाचा दोर सोडतो. मग सारं गाव डोंगरभर पळतंय, आणि बोकड कड्यावर उभा राहून सगळ्यांकडे बघत दाढी हलवतोय! "ऐका ऐका… आता म्हणाला की नाय बोकड?" आणि खरोखरच तिथे 'बोकडऽ' असंच ऐकू यायचं. ही गोष्ट मी नऊ वर्षं प्रत्येक नव्या वर्गाला सांगितली.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही काही गिऱ्हाइकांनी दुकानातच जमायचं ठरवलं. त्याची गाणी ऐकायची, बस. सुनंदा म्हणाली, "ताई, बोकडाच्या गाण्याचा अर्थ तुम्ही वाचून दाखवा. आईपण येणार आहेत पेठहून." मी मास्तरीण. नीट भाषांतर शोधून कागदावर उतरवून घ्यायला बसले, तर बोकडाचा पत्ताच नाही! बायका लोकरीचं कापड बडवता बडवता म्हणतात ते गाणं. त्यात कुणीतरी समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघतेय. मला राग आला, खोटं कशाला सांगू. नऊ वर्षं गंडवलं या माणसाने! आणि रागामागून भीती. खरा अर्थ वाचावा तर भास्कर त्याच्या आईसमोर थापाड्या ठरणार, त्याचा वाचावा तर मी. शेवटी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि तशीच गेले.

आई डोळे तपासायच्या खुर्चीत बसल्या होत्या. गाणं सुरू झालं. मी कागद काढला, उलगडला… तेवढ्यात 'ती' जागा आली आणि आई एकदम हसल्या.

"आला बघ बोकड."

"तुम्हाला माहीत आहे हे गाणं?"

"गाणं नाय माहीत. बोकड माहीत हाय. आमचाच व्हता ना तो, डोंगऱ्यादेवाला आणलेला. यानंच सोडला दोर. सात वर्साचा व्हता."

"मग? कबूल केलं त्याने?"

"छ्या! झाडातनं बुटका आला, म्हनं, न सोडून गेला. बापानं लय मारला… मंग बापच हसाय लागला." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मी कागदाची पुन्हा घडी केली.

परवा चष्मा आणायला गेले, तो जायच्या आदल्या आठवड्यात करायला टाकलेला आणि आणायचा राहून गेलेला. त्याने माझ्यासाठी घासलेली ही शेवटची काच. दुकान आता सुनंदा बघते. हेडफोन त्याच खिळ्याला अडकवलेले होते. तिने काही न विचारता ते माझ्या कानांवर चढवले आणि बोकडाचं गाणं लावलं. खरा अर्थ अजून पर्समध्येच होता, आणि कानात बोकड उधळला होता, त्याच्यामागे सारं गाव, आणि झाडाआड दोर हातात धरून सात वर्षांचा भास्कर… हे स्पष्ट, की हे?

"हे!" मी जोरात म्हणाले. कानांवर हेडफोन होते, त्यामुळे केवढ्याने ओरडले ते मला कळलंच नाही. अख्खं दुकान वळून माझ्याकडे बघत होतं.