टेपमावशींनी न घेतलेलं माप

टेपमावशींनी शिवणकाम सोडलं, पण गळ्यातला टेप काही सोडला नाही. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांचे खांदे आणि कमरा मोजल्या. मग सुईत दोरा ओवता ओवता सकाळची दुपार व्हायला लागली, तेव्हा मशीनवर झाकण घातलं आणि डोळ्यांना झेपेल असं मोठ्या टाक्यांचं काम शोधलं. लोकांच्या घरापुढच्या बागा.

त्यांची रीत जगावेगळी. रोप लावण्याआधी चिंध्यांचं गाठोडं यायचं. ज्या रंगाचं फूल जिथं हवं, त्या रंगाची चिंधी तिथल्या मातीवर पसरायची, वर खडा ठेवायचा, दहा पावलं मागं जायचं आणि एक डोळा मिटून बघायचं. उंच वाढणारं मागं, बुटकं पुढं, आणि काठाला पसरणारं काहीतरी, कारण झालर शेवटी लागते. ऋतू बदलला की चिंध्या बदलायच्या. येणारे-जाणारे विचारत, काय वाळत घातलंय? मावशी म्हणत, वाळत नाही, पेरलंय. त्यांच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणायचे, जित्याची खोड, उद्या झाडांनाही ट्रायलला बोलावशील.

अडचण एकच. मावशी राहायच्या तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत रोपांचे डबे एकावर एक चढलेले, निम्मी रोपं उन्हावाचून लांबुडकी आणि फिकी. डब्यांमुळे न्हाणीघराचं दार पुरतं उघडायचं नाही; यजमान आडवे होऊन आत जायचे. बी पेरायला हातभर तरी जमीन हवी होती, आणि ती होती धाकट्या जाऊबाईंकडे. गल्लीच्या टोकाला त्यांचं बैठं घर. पुढं एक वाफा, आणि स्वयंपाकघरामागं मोकळा चौक, मोडक्या खुर्च्या आणि गंजकी टाकी सांभाळत पडलेला.

धाकटी जाऊ इस्पितळात नर्स. बोलणं मोजकं, पण लागायचं तिथं लागायचं. मावशींनी दोनदा जागा मागितली, दोनदा तिनं विषय बदलला. थंडीच्या तोंडावर तिसऱ्यांदा मागितली, तेव्हा ती म्हणाली, "आधी पुढची बाग करून दाखवा, ताई. मला आवडली तर मागची जागा तुमची. नाही आवडली तर हा विषय पुन्हा नाही."

मावशींनी जीव ओतला. जाऊ कामावर असायची, म्हणून भर दुपारी, स्वच्छ उजेडात जायच्या. वाफा टेपनं दोन्हीकडून मोजला. गाठोड्यातल्या सगळ्यात भारी चिंध्या काढल्या, गर्द तांबड्या, किरमिजी, जांभळ्या. त्याबरहुकूम मागं डेलिया लावले, मध्ये जांभळी पिटुनिया, काठाला काळसर लाल पॅन्सी. दोनेक महिन्यांत वाफा असा भरला, की पोस्टमन सायकलवरून उतरून बघायचा.

जाऊ मात्र गप्प. एक आठवडा गेला, दोन गेले. मावशींना राहवेना. यजमानांनी समजावलं की पी हळद आणि हो गोरी असं नसतं. पण तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मावशी एका नातलगाकडे गेल्या असताना जाऊ तिथंच भेटली, आणि त्यांनी विचारलंच.

"खरं सांगू का, ताई? रागावू नका. माती ओली दिसते, म्हणजे तुम्ही पाणी घालता एवढं कळतं. बाग कुठंय ते अजून कळलेलं नाही."

मावशी तणतणत दुकानात आल्या. जागा द्यायची नाही म्हणून हे निमित्त, कौतुक करताना हिच्या घशाला कोरड पडते, आणि असं बरंच काही. यजमानांनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढता सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ती घरी असते कधी?"

मावशींच्या तोंडाचा पट्टा जागच्या जागी थांबला.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी त्या जाऊच्या पायरीवर जाऊन बसल्या. त्या वेळी तिथं बसायची ही पहिलीच खेप. ऊन समोरच्या इमारतीमागं गेलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तांबडं काळं झालं, जांभळं काळं झालं, किरमिजी तर आधीच बुडालं होतं. काळी घोंगडी अंथरावी तसा सगळा वाफा. तेवढ्यात जाऊ आली. काही न विचारता शेजारी टेकली, बूट काढले, सुजलेले पाय खालच्या पायरीवर सोडले आणि समोर बघत राहिली. पहाटे अंधारातच ती कामाला निघायची; तिचा बागेचा वेळ तो एवढाच, दहा मिनिटांचा.

मावशींनी जीभ चावली. छत्तीस वर्षांत अंगाचं माप न घेता त्यांनी कापडाला कात्री लावली नव्हती. इथं वाफ्याची लांबी-रुंदी घेतली, आणि जिच्यासाठी शिवायचं तिचंच माप राहिलं.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "जागेचं राहू दे. पण थंडी सरली की हे उसवून पुन्हा शिवीन."

"तोवर असू दे," जाऊ म्हणाली. "पोस्टमन तरी खूश आहे."

थंडी ओसरताना मावशी गाठोडं घेऊन आल्या, पण या वेळी संध्याकाळी, आणि चिंध्या फक्त पांढऱ्या, सायीच्या रंगाच्या, फिक्या पिवळ्या. जाऊ पायरीवरून हुकूम सोडत होती: डावीकडचं दिसत नाही, ते पुढं घ्या, आणि ते कसलं पांढरं ताई, ती मळकी जुनी चादर आहे. दोघी हसल्या. पांढरी झिनिया लागली, पांढरी सदाफुली लागली. पायरीलगत मावशींनी फिक्या पिवळ्या गुलबक्षीचे कंद पुरले. दिवसभर मिटून बसणारं आणि ऊन कललं की उमलणारं झाड, म्हणजे हिच्याच पाळीचं.

उन्हाळा तापला तशी एक दिवस मावशी झारीनं पाणी घालत असताना जाऊ आली. पायरीवर बसून तिनं एक बूट काढला. दुसरा पायातच राहिला. अंधारू लागलं होतं आणि फुलं उलट जास्तच उठून दिसत होती. गुलबक्षीचा मंद वास पायरीवर आला होता.

"ताई," ती म्हणाली, "जरा मागं जाऊन या."

मावशी मागं गेल्या. खुर्च्या नव्हत्या, टाकी भिंतीला लागली होती, माती खणून मोकळी केली होती. आणि चौकाच्या चारी कोपऱ्यांत इस्पितळाच्या जुन्या चादरीची एकेक चिंधी पसरलेली, वर खडा ठेवलेली.

मावशींनी गळ्यातला टेप काढला. मग तो तसाच हातात धरून त्या परत पुढं आल्या.

"मागच्या खिडकीशी तू उभी असतेस ती पहाटे चहा करताना, की रात्री भांडी घासताना?" त्यांनी विचारलं. "आधी ते सांग. जमीन मी नंतर मोजते."